घारराणीचं नववं पुस्तक

रविवार, ४ मे

आन् जीपमधून आधी कोण उतरावं? इहीणबाई! मी आपली भाकरतुकडा आन् पाण्याचा तांब्या घेऊन उभी, सृष्टीवरून ओवाळून टाकायला, तर पुढच्या सीटवरून हिरव्या साडीतला पाय खाली आला. हिंगोलीकडच्या गोरेगावहून येणारी जीप मोतीबाईच्या दुकानापुढंच थांबते, म्हणून गावात कोण आलं ते आधी तिला दिसतं, मंग आमाला. ती आतून ओरडली, "शकुबाई, तुझी नात लई वाढली गं! चष्मा बी लागला!" सगळी जीप हसली. इहीणबाई बी हसली. मंग मलाबी हसावं लागलं.

तुकडा शेवटी दोघींवरून ओवाळला. पाव्हण्यांत भेद करता येत न्हाई. पण मनात मी एकीवरूनच ओवाळला, देव साक्षीला हाय.

ठरलं होतं येगळंच. विजयकुमार, माझा पोरगा, सृष्टीला सोडायला येणार होता. काल फोनवर म्हणला, "आई, सुट्टी न्हाई मिळाली, सासूबाई घेऊन येतील." सासूबाई म्हणजे ही रूपाबाई, आमच्या सूनबाईची, राजनंदिनीची आई. नांदेडला विजयकुमारच्याच गल्लीत राहते. हापिसात नोकरी करून रिटायर झाली. पेपर वाचताना हिचे ओठ हलत न्हाईत, बोट बी फिरत न्हाई. नुसते डोळे. मी नीट बघितलंय.

सृष्टी शेवटी उतरली. नऊ वर्षांची झाली माझी बाय. एरवी जीप थांबायच्या आधी उडी मारून गळ्यात पडते. आज वाकून पाया पडली. पाया! जशी काय मी लग्नातली कोणाची चुलत आत्या.

आन् सगळ्यात वाईट शेवटी लिहिते. सिनेमा पाहून आल्या. घारराणीचा! दिवाळीपासून आमचं दोघींचं ठरलं होतं, की तो सिनेमा लागला की मी नांदेडला जायचं आन् संगं बसून पाहायचा. एक तारखेला लागला आन् एक तारखेलाच ह्या दोघी जाऊन बसल्या. "पहिल्याच दिवशीची तिकिटं मिळाली, इहीणबाई, म्हणून गेलो," म्हणली. मी म्हणलं, "बराबर केलं." आन् तिच्या चहात साखर टाकायची विसरले. खरंच विसरले.

ही डायरी खताच्या दुकानवाल्यानं आमच्या मालकाला दिलेली. सृष्टीच म्हणली होती, आजी, तू लिहीत जा. रोज काय लिहिणं होत न्हाई. पण आज लिहिलं न्हाई तर झोप यायची न्हाई.

सोमवार, ५ मे

घारराणी कोण ते आधी लिहून ठेवते. माझ्यामागं ही वही कोणी उघडली तर अडायला नको.

घारराणी दिवसा साधी टपालवाली. सायकलवर टपाल वाटते. संकट आलं की टेकडीवर जाऊन हात पसरते आन् तिला घारीसारखे पंख फुटतात. दोन कोसांवरचा उंदीर दिसतो तिला. तिच्यापाशी कोणी खोटं बोललं की पंखाचं एक पीस गळतं, एवढीच तिची खोट. तिचा वैरी अंधारशेठ. तो गावोगावचा उजेड पोत्यात भरून नेतो. आमच्याकडं लाइट गेली की आमी अजून म्हणतो, शेठ आला.

मला कोणी इचारत न्हाई, पण माझं मत असं की बाकीच्या उडणाऱ्या बाप्यांपेक्षा घारराणी दहा पट सरस. एक तर ती चड्डी आतून घालते. दुसरं, तिला कामधंदा हाय. बाकीचे दिवसा काय करतात कोणास ठाऊक. आन् तिसरं म्हणजे तिला आई हाय. गोदाबाई. बाजारात बोरं विकते. बाकीच्यांचे आईबाप पहिल्याच पानावर मारून टाकतात, काहून मारतात? जशी काय आई असली की लेकराला उडताच येत न्हाई. आई असली की एवढंच म्हणंल ना, जेवून जा आन् मंग उड.

पुस्तकं विजयकुमारची. लहानपणी हिंगोलीच्या बसस्टँडवरून आणलेली. आठ हाएत. नववं निघालं तवर तो परभणीला शिकायला गेला आन् त्याचा नाद सुटला. माझा धरला. मी दुसरी शिकलेली, तेबी विसरलेली. तो शाळेत गेला की मी चित्रं पाहायची. मंग चित्रातल्या माणसाच्या तोंडातून फुगा निघतो आन् त्यात अक्षरं असतात, तेच्यावर बोट ठेवायची. कोण रागात बोलतं, कोण रडत बोलतं ते तोंडावर दिसतं, म्हणून अक्षर लागत जातं. मी अशी वाचायला शिकले. मास्तरांनी शिकवलं न्हाई ते घारराणीनं शिकवलं.

माझं माहेर शिरड शहापूरचं. माझा बाप पोथीचा अर्थ सांगायचा. वाचणारा दुसरा. त्यानं एक ओवी वाचायची आन् थांबायचं, मंग बाप "म्हणजे काय, तर" करून अर्थ सांगायचा. बापाला अक्षर येत न्हवतं. अर्थ येत होता. कधी कधी ओवी एवढीशी आन् अर्थ घंटाभर. आन् त्याचा एक नेम होता. माणूस संकटात असताना पोथी मिटायची न्हाई. रात झाली, पोटात भूक लागली तरी त्याला बाहेर काढायचं आन् मंगच मिटायची. न्हाई तर ते वाचणाऱ्याच्या घराला लागतं.

आता आठव्या पुस्तकाच्या शेवटी काय होतं? अंधारशेठ घारराणीचे पंख डांबराच्या दोरानं बांधतो आन् तिला कोरड्या विहिरीत टाकतो. खाली लिहिलेलं, पुढं काय झालं ते नवव्या अंकात वाचा. नववा अंक कुठाय? सृष्टी तवा चार वर्षांची. डोळे भरून माझ्याकडं पाहून राहिली. मी पुस्तक मिटूच शकले न्हाई. मंग पुस्तक तसंच उघडं ठेवलं आन् नववं मीच सांगितलं. तोंडानं.

माझ्या नवव्यात आई येते. गोदाबाई घरोघर जाऊन एक एक साडी मागते. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या साड्या हाएत त्यात, मोतीबाईची जांभळी पहिली, कारण तिला पहिलं घेतलं न्हाई तर ती आठ दिवस बोलत न्हाई. गाठीला गाठ मारून दोरी होते, विहिरीत सोडतात. दोरी हातभर कमी पडते. तवा गोदाबाई आपला पदर फाडून जोडते आन् पोरीला वर काढते. दर उन्हाळ्यात सृष्टी आली की आमचं पारायण. आठ दिवस आठ पुस्तकं, नवव्या दिवशी तोंडी नववं आन् वर शिऱ्याचा प्रसाद. मागल्या साली तिनं इचारलं होतं, "नांदेडच्या आजीची साडी न्हाई का दोरीत?" मी म्हणलं, "ती लांब राहते बाई, वक्ताला पोचली न्हाई."

आज दुपारी मी ट्रंक ओढली. म्हणलं, "लावायचं का पारायण?"

"नको."

"काहून गं?"

"तू खोटं सांगितलंस," म्हणली. "कॉलनीतल्या सगळ्या पोरींना मी सांगितलं होतं, की गोदाबाई येते, साड्यांची दोरी करते. त्या पण सिनेमाला होत्या. कोणीच आलं न्हाई. उल्काराज आला. आता मला गप्पाडी म्हणतात सगळ्या."

"उल्काराज कोण मेला?"

"तू घारराणीचं पीस गाळलंस, आजी."

असं म्हणली आन् उठून इहीणबाईपाशी जाऊन बसली. तिच्यापाशी! दर साली महिनाभर राहते. औंदा पंधरा तारखेपासून तिकडं पोहायचा क्लास हाय म्हणे. तेराला जाणार. क्लासला जायचं का इथं राहायचं ते तिच्यावरच सोडलंय, इहीणबाई म्हणली, "तिची मर्जी." मर्जी कोणी केली तशी, ते मला कळत न्हाई का?

मंगळवार, ६ मे

कुरडया घातल्या. इहीणबाई म्हणली, मीपण हात लावते. मनात म्हणलं, शहरातली बाई, चीक शिजवताना गुठळ्या करंल, मंग मी काही बोलणार न्हाई, नुसती पाहीन.

गुठळी एक झाली न्हाई. तिच्या कुरडया चंद्रासारख्या गोल. मोतीबाई मुद्दाम येऊन म्हणली, "इहीण हुशार हाय की तुझी." मी म्हणलं, "व्हय, साचा माझा हाय."

गुरुवार, ८ मे

हिंगोलीला जाऊन सिनेमा पाहून आले. आता मीच सांगते, कोणाचं ऐकून न्हाई.

काल रातभर मनात तेच, की हा उल्काराज कोण, एकदा डोळ्यांनी बघू. सकाळी मालकाला म्हणलं, मी हिंगोलीला जाते. मालक ग्यानबा. एका वाक्यात दोन शब्द बोलणारा माणूस, पण आज म्हणला, "साठी उलटली आन् घारीमागं चालली." मी म्हणलं, "तुमच्यामागं चाळीस साल हिंडले तवा न्हाई बोलला." सृष्टी म्हणली, "मी येते." माझा जीव सुपाएवढा झाला. लगेच इहीणबाई म्हणली, "मीपण येते." झाला परत एवढासा.

दुपारचा खेळ. मधी सृष्टी, ह्या अंगाला मी, त्या अंगाला ती.

चांगलं ते आधी. उडणं लई चांगलं दाखवलं. पुस्तकात एक चित्र इथं आन् एक तिथं, मधलं आपण उडायचं. इथं सगळंच उडतं. खाली शेतं, ओढा, पत्र्यांची घरं, मी खुर्ची धरली. अंधारशेठ बी बराबर. त्यानं पोत्याचं तोंड उघडलं तवा सगळी टॉकीज काळी झाली, मागून कोणी तरी म्हणलं "शेठ आला" आन् मला वाटलं आपल्याच गावचं माणूस हाय.

आता वाईट. घारराणीचा पोशाख सायकलच्या ट्यूबसारखा. टपाल वाटायला जाते तेबी दाखवलं न्हाई, नुसती एकदा पिशवी दिसते. मंग तिला खाऊ कोण घालतं? आन् गोदाबाई? फोटोत! भिंतीवर, हार घालून! बोरं न्हाई, बाजार न्हाई, जिवंत बाईला उचलून खिळ्याला टांगली. आन् खेळ अर्धा झाल्यावर तो उल्काराज आला, छाती पुढं काढून. त्याच्यासाठी गाणं. त्याचं लहानपण. त्याचा घोडा. मी इचारते, सिनेमा कोणाचा? नाव तिचं आन् ती आपल्याच घरात पाव्हणी. टॉकीजबाहेरच्या पाटीवर बी तोच पुढं उभा होता आन् ती त्याच्या खांद्यामागून डोकावून राहिली. आयुष्यभर तिनं गावं सांभाळायची आन् कोणी तरी आज येऊन तिची जागा घ्यायची. माझं डोकं तापलं. सिनेमाचं बोलून राहिले मी.

विहिरीचं आलं तवा सृष्टीनं अंधारात हात धरला. इहीणबाईचा. मी माझा हात खुर्च्यांच्या मधल्या लाकडावर उघडाच ठेवला होता.

आन् तेवढ्यात इहीणबाई सृष्टीच्या डोक्यावरून माझ्याकडं वाकली. म्हणली, "इथं तुमची गोदाबाई यायला पाहिजे होती."

मी गार. हिला काय ठाऊक?

"रोज झोपताना सांगते ना ती मला," म्हणली. "तुमचं नववं. मी सांगायला गेले की म्हणते, तसं नाही, गावच्या आजीसारखं सांग. म्हणते, तू नुसतं वाचतेस." मंग म्हणली, "माझी साडी नाही म्हणे दोरीत."

पाहा! भर टॉकीजमधी टोमणा. मी समोर पाहत बसले. उल्काराज तिला वर काढून राहिला होता, एका हातानं, जशी काय पिशवी.

शनिवार, १० मे

इहीणबाईनं आज आपल्या बॅगेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही तरी काढलं आन् माझ्यापुढं ठेवलं. मी उघडलं. घारराणी, अंक नववा.

खरा. जुना, कोपरे खाल्लेला, आतून मोहरी बांधल्यासारखा वास. म्हणली, "रद्दीवाल्यांना, जुन्या पुस्तकांच्या गाडेवाल्यांना सांगून ठेवलं होतं. सहा महिने शोधत होते. आल्या दिवशीच देणार होते, पण..." आन् वर्तमानपत्राची घडी करत बसली.

सहा महिने! बाई सहा महिने माझ्या पायाखालची फळी शोधून राहिली होती, काढायला.

मी घेऊन मागं गोठ्यापाशी बसले. बोट ठेवून वाचलं, दोनदा. सिनेमावाल्यांनी खोटं केलं न्हाई, ते लिहायला पाहिजे. उल्काराज पुस्तकातच येतो. आभाळ फाटतं, हा झेपावतो, तिला काढतो. गोदाबाई एका चित्रात हाय, लांब, पाठमोरी, एवढीशी. फोटो काही न्हाई, तेवढा सिनेमावाल्यांचा गुन्हा. पण साड्या न्हाईत. दोरी न्हाई. ह्याच्यावर मी खोटी.

माझं मत तरी सांगते, ह्या पुस्तकाचं चित्र चांगलं हाय पण जीव न्हाई. आठ पुस्तकं ज्यानं काढली त्याचा हात नवव्यात दिसत न्हाई, दुसऱ्या कोणी तरी काढलं असंल. गोदाबाईच्या टोपल्यात बोरंसुद्धा काढली न्हाईत. पण छापलेलं ते छापलेलं. माझ्या तोंडावर कोण विश्वास ठेवणार? आन् सृष्टीनं ठेवला होता, चार वर्षांची असल्यापासून, तेच तर दुखतं. बापानं कधी पोथीत न्हाई ते पोथीत हाय म्हणून सांगितलं न्हाई. वाचणारा शेजारी बसलेला असायचा, लोकांना कळायचं ओवी कुठं सरली आन् अर्थ कुठं लागला. माझ्याशेजारी कोणी न्हवतं. मी दोन्ही एकाच तोंडानं केलं आन् लेकराला कधी सांगितलं न्हाई.

सांगायला पाहिजे. उद्या सांगते. पुस्तक लपवून बी ठेवता येईल, बाजरीच्या कणगीत कोण हात घालतं? हाबी इचार आला. लिहून ठेवते.

रविवार, ११ मे

सांगितलं.

उन्हं उतरल्यावर ओसरीवर सृष्टीला बोलावलं. म्हणलं, "हे पाहा नववं. खरं. तुझ्या नांदेडच्या आजीनं आणलं. ह्यात उल्काराजच हाय. गोदाबाईची दोरी मी केलेली. पुस्तकात हाय असं तुला वाटलं आन् मी वाटू दिलं. चुकलं माझं."

सृष्टी पुस्तकाकडं पाहिना, माझ्याकडं पाहून राहिली. "आधी काहून न्हाई सांगितलंस?"

"तुझे डोळे भरले होते गं."

"तवा मी लहान होते. मंग पाच साल?"

म्हणलं, "मला लई गोड लागलं. तुला माझ्याशिवाय दुसरं कोणी नववं सांगू शकत न्हवतं ना."

हे मी इहीणबाईपुढं बोलले. ती सुपारी कातरत होती, अडकित्ता थांबला.

सृष्टीनं पुस्तक उलटून पालटून पाहिलं. मंग म्हणली, "आज दोन्ही सांगा. पुस्तकातलं बी आन् तुझं बी."

"कसं?"

"तुझे बाबा करायचे तसं. ही वाचंल. तू अर्थ सांग."

मी चाटच पडले. लेकराच्या ध्यानात राहिलं! मंग पाट मांडला, पोथी ठेवायची ठवणी काढली, त्यावर पुस्तक. मोतीबाई कुरडया मागायला आलेली ती पाय पसरून बसलीच. इहीणबाईनं चष्मा लावला आन् वाचलं, खणखणीत वाचते, ते मानलं पाहिजे: "आकाश फाटले! उल्काराज खाली झेपावला!" आन् थांबली. बराबर ओवीला थांबतात तशी. हिला कोणी शिकवलं?

मी म्हणलं, "म्हणजे काय, तर आभाळ काय उगंच फाटतं? विहिरीच्या काठावर आई उभी राहून ओरडली, त्या आवाजानं फाटलं. उल्काराज वरून आपल्या कामाला चालला होता. त्याला आवाज आला. आला बिचारा. पण विहीर अरुंद आन् ह्याचे खांदे हे एवढाले. मावला न्हाई."

मोतीबाई फसकन हसली. सृष्टी बी. आठ दिवसांत पहिल्यांदा.

इहीणबाईनं पुढं वाचलं: "त्याने आपले बाहू पसरले." आन् माझ्याकडं पाहिलं.

"बाहू काहून पसरले? तर गोदाबाई म्हणली, बाबा, रिकामा उभा राहू नको, दोरी धर. दोरी धरायला माणूस लागतंच. मंग साड्या आल्या. मोतीबाईची जांभळी."

"जरीची," मोतीबाई म्हणली. "चिंध्या न्हाई दिल्या मी."

"जरीची जांभळी. मंग ह्यांची, मंग त्यांची. गाठीला गाठ. दोरी सोडली. आन् हातभर कमी पडली."

इथं मी दर साली गोदाबाईचा पदर फाडते. तोंडात तेच आलं होतं. पण समोर पाहिलं तर इहीणबाई पुढचं वाचंना. डोळे पुस्तकात न्हवते. पानावर बोट ठेवलेलं. बोट! जागा चुकू नये म्हणून आपण ठेवतो तसं.

काय झालं मला ते ठाऊक न्हाई. म्हणलं, "तेवढ्यात जीप थांबली. त्यातून आधी एक बाई उतरली. नांदेडहून निघाली, वारंगा फाट्याला गाडी बदलली, कळमनुरीला उन्हात उभी राहिली, पण वक्ताला पोचली. तिच्या बॅगेत हिरवी साडी होती. नवीकोरी. शेवटची गाठ तिची. तिनं घारराणी वर आली."

इहीणबाईनं चष्मा काढला, पदरानं डोळे पुसले, म्हणली, "धूळ फार आहे हो तुमच्याकडं."

धूळ! सकाळपासून दोनदा सडा मारला होता मी. शहरातल्या बायांना कुठंबी धूळच दिसते.

पुस्तक सरलं. शिरा केला. सृष्टी माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणली, "आजी, सिनेमावाल्यांकडं वाचणारे होते. अर्थ सांगणारं कोणी न्हवतं."

मी म्हणलं, "व्हय गं बाय." आन् शिऱ्याचा घास तिच्या तोंडात घातला, माझं तोंड तिला दिसू नये म्हणून.

पाय तिचे इहीणबाईच्या मांडीवर होते. तेबी लिहिते.

मंगळवार, १३ मे

गेल्या. क्लासचे पैसे भरलेले हाएत आन् पोहणं शिकलेलं चांगलं, मी काही अडवलं न्हाई. घारराणीला तरी कुठं पोहता येतं?

सकाळी इहीणबाईनं इचारलं, "दहावं पुस्तक आहे का हो?" मी म्हणलं, "तुमालाच ठाऊक, शोधणाऱ्या तुमी." म्हणली, "मी चौकशी केली. नवव्यावरच बंद झालं. दहावं निघालंच नाही." आन् हसली. सृष्टी मधीच म्हणली, "मंग दहावं आपण करू. गावची आजी सांगंल, नांदेडची आजी लिहील, मी चित्रं काढीन." मी म्हणलं, "उल्काराज येणार असंल तर मी सांगणार न्हाई." "येऊ दे की," इहीणबाई म्हणली, "बोरांची टोपली उचलायला कोणी तरी लागेल." हे बरं बोलली. मला सुचायला पाहिजे होतं.

तिची ओटी भरली, खण-नारळ दिला, कुरडयांचा डबा बांधून दिला. तिच्याच कुरडया दिल्या, माझ्या ठेवल्या. न्हाई, खरं लिहिते, तिच्या ठेवल्या. मालकाला त्याच आवडल्या.

जीप आली. सृष्टी गळ्यात पडली, अशी की माझी माळ तुटता तुटता राहिली. मालक ग्यानबा, ज्याला घारीचं काही पडलं न्हाई, तो म्हणला, "त्या शेठाचं पुढं काय झालं, ते मातर सांगा आल्यावर." मंग जीप सुटली आन् मागच्या काचेतून दिसलं, सृष्टी इहीणबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहिलं मी. तेवढं जळायचं ते जळून घेतलं.

घरी येऊन पाहते तर दोरीवर हिरवी साडी. काल धुतलेली, नीट पसरलेली, दोन्ही टोकांना चिमटे लावून. इसरली! एवढी शिकलेली, हापिसात कागद सांभाळलेली बाई, आन् अंगावरची चांगली साडी इसरून जाते. मोतीबाईला दाखवली तर ती माझ्याकडं पाहून नुसती हसली. काय हसायचं त्यात?

फोन केला. म्हणली, "राहू द्या. आले की नेईन." आवाज काही इसरलेल्या माणसासारखा वाटला न्हाई, पण फोनवर काय कळतं.

घडी करून ट्रंकेत ठेवली. आठव्या आन् नवव्याच्या मधी, तिथंच जागा होती. क्लास पाच जूनला सरतो. मंग शाळा उघडेपर्यंत दोघी इथंच. सकाळच्या जीपनं येणार, सृष्टीनं खिडकीतून दोनदा ओरडून सांगितलं आन् इहीणबाईनं बोटांवर मोजून दाखवलं: शनिवार, सात जून.